गुणाची सून

वाशिमच्या दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत पिंकी सासूच्या मागे उभी होती. घरात ती हो-नाहीच्या पलीकडे बोलत नसे, तरी भागिरथाबाईला सून तोंडाळच वाटायची. पुढे एक म्हातारी आपल्या सुनेचा दंड धरून उभी होती.

"सुनेले काय झालं वो?" भागिरथाबाईनं विचारलं.

"डोक्याचा आजार म्हन्ते डॉक्टर. तीन वर्सांचा."

"मंग आता आनलं?"

"समजलंच नाही ना बाई. कोनासंगं बोलनं नाही, हासनं नाही, माहेरी जातो म्हननं नाही. आमी म्हनो, लय गुणाची हाय."

"साडी-बिडी मांगे का?"

"पोहरादेवीच्या जत्रेत नेली, तं बांगडीबी नाही मांगितली. गावात नाव होतं तिचं."

"मंग आजार कसा समजला?"

"भाजीत मीठ टाकाचं इसराले लागली. भाकरी जाळल्या. मंग म्हटलं, दाखवाच लागते."

"गोळ्यांनं फरक हाय?"

"मीठ टाकते आता. बोलत तेवढी नाही."

"बोलून काय करा लागते? पाह्य पिंके, शिक जरा."

पिंकीनं त्या सुनेला नाव विचारलं. तिनं बराच वेळ विचार केला आणि सासूच्या तोंडाकडं पाहिलं.

परतताना वाशिमजवळचं मालेगाव येईपर्यंत पिंकी एसटीत बोलतच राहिली. माहेरच्या म्हशीबद्दल, कंडक्टरच्या मिशीबद्दल, तिला हव्या असलेल्या हिरव्या साडीबद्दल. सासूनं दोनदा गप्प केलं तरी थांबेना.

भागिरथाबाई शेजारच्या सीटवरच्या बाईकडं वळली.

"पुढच्या खेपेले हिलेबी दाखवतो."