पंख्याचे आभार

व्यसनमुक्ती केंद्रात नवऱ्याची वाट बघत बसलेल्या शिंपीणबाईंचे डोळे हातातल्या काजावर होते, पण कान मागच्या बाकावरच्या बहीणभावाकडे लागले होते.

“रोज सकाळी उठून काय चालवलंयस रे? नळोबा, तुमचे आभार. उशीबाई, तुमचे आभार. शेजारीपाजारी फिदीफिदी हसतात!”

“ताई, डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय. आभार मानले की मन थाऱ्यावर राहतं, दारूची ओढ कमी होते.”

“आणि तुझ्या ओकाऱ्या कोणी काढल्या? नळोबांनी? माझं नाव नाही आलं कधी तोंडात!”

“तुझं इतक्यात नाही घेता येत.”

“का? जीभ झडते?”

“त्या म्हणाल्या, ज्यांचं आपण काही वाकडं केलं नाही, त्यांच्यापासून सुरुवात करा. म्हणून नळ, उशी, पंखा.”

“पंखा?”

“हो. बिचारा रात्रभर डोक्यावर गरगरतो.”

“अरे दिवट्या, तो पंखा विकून तू दारू ढोसलीस! आता फिरतोय तो मी आणून लावलेला दुसरा आहे.”

“मला वाटलं, तोच आहे.”

“वाटणारच. मान वर करून बघायला शुद्धीत होतास कधी?”

“म्हणजे हा पंखा तुझाच झाला. मग उद्यापासून पंख्याला वगळतो.”

शिंपीणबाईंची सुई कापडातच थांबली.

“काही वगळू नकोस. अक्कल नव्हतीच, आता तरी कुठून येणार! राहू दे पंख्याला. निदान मला कळेल तरी, कोणाला म्हणतोयस ते.”