वन्संचा राग

गंगापूर रोडच्या थांब्यावर निकिताच्या मागे एक काकू भाचीकडून आपल्या इंग्रजीच्या क्लासचा अभ्यास करून घेत होत्या.

“‘वन्सं माझ्यावर रागावल्या’ हे कसं म्हणू गं?”

“राग गेला असेल तर साधा भूतकाळ, मावशी. अजून असेल तर हॅज लावायचं.”

“आमच्या सनीच्या लग्नात त्यांची मानाची साडी गडबडीत कपाटातच राहिली ना!”

“मग आता गेला का राग?”

“मला काय माहीत? तेव्हापासून बोलणंच नाही.”

“मग वाक्य कसं करणार, मावशीबाई?”

“थांब जरा, फोन लावते.”

निकिताची बस आली. ती चढलीच नाही.

“हॅलो वन्सं, लता बोलतेय. क्लासचा अभ्यास आहे हो, खरं सांगा, राग गेला की अजून आहे? …आहे? मग साडी घेऊन आत्ताच येते. मला ते हॅज काही जमत नाही.”