खिशाची हजेरी

टाळ जरा थांबवा, मंडळी. अण्णा, मृदंगावरचा हात उचला. आज देवाच्या आधी तुम्हालाच एक प्रश्न विचारणार आहे, आणि उत्तर आल्याशिवाय मी पुढं सरकायचा नाही. सांगा — हजर कुणाला म्हणायचं?

काय? "जो इथं आहे तो हजर!" वा! कोण बोललं हे? पाटील का? अहो पाटील, मांडवात आल्यापासून तुम्ही मान खाली घालून अंगठ्यानं काच सारवताय! तुम्ही हजर? देह सतरंजीवर, चप्पल मांडवाबाहेर, आणि चित्त कुठं ते त्या काचेलाच ठाऊक! हसू नका, बाकीच्यांनो. तुमच्या मांडीवर काय चमकतंय ते मला इथून दिसतं. उंचावर उभं केलंयत तुम्ही मला.

तर ऐका. कथा पुराणातली नाही. खडकवेल नावाच्या गावातल्या हायस्कुलातली आहे, आणि दहावीच्या वर्गातली आहे.

या वर्गाला एक सर होते. हुलवळे सर. माणूस वाईट नाही हो! गणित शिकवायला लागले की फळा हसायचा. पण हजेरी म्हटली की त्यांच्या कपाळावर आठी! डोकं वर न करता नावं वाचायची. "ढोणे!" — "हजर, सर!" "खरमाटे!" — "हजर, सर!" कोण ओ देतंय, कुठून ओ देतंय, बघायचं कुणी?

आता यातली ढोणे म्हणजे मुक्ता. राहायला लांब, वरच्या वस्तीवर. सकाळची एसटी कधी वेळेवर यायची, कधी यायचीच नाही. आणि खरमाटे म्हणजे निकिता, तिची जिवलग मैत्रीण. मुक्ता यायच्या आत तिचं नाव आलं की निकिता जरा नाकात बोलायची — "हजर, सर!" झालं! मुक्ता एसटीत, आणि तिचा आवाज वर्गात! मैत्रिणीला गैरहजेरी लागू नये, हजेरी कमी पडली म्हणून बोर्डाला बसू देत नाहीत असं होऊ नये, एवढाच भाव. भाव चांगला होता हो! पण भाव चांगला असला म्हणजे सगळं चांगलंच होतं का?

एक दिवस सरांनी चुकून डोकं वर केलं. आणि बघतात तर काय — अर्धा वर्ग रिकामा, आणि ओ मात्र सगळ्यांची! सर असे भडकले म्हणता! "तोंडाची हजेरी बंद! आजपासून खिशाची हजेरी!"

म्हणजे काय? सांगतो. शाळेत आधीच एक नियम होता — मोबाईल वर्गात वापरायचा नाही. मग लेकरं आणतात कशाला? अहो, तुम्हीच देता! "क्लासला जायचंय, यायला उशीर होतो, राहू दे बाई जवळ." तर सरांनी काय केलं, गॅदरिंगचा जुना मखमली पडदा शिंप्याकडं नेला आणि त्याला ओळीनं खिसे शिवून घेतले. प्रत्येक खिशावर एकेक नंबर. सकाळी आलं की आपापल्या खिशात मोबाईल ठेवायचा, सुटताना घ्यायचा. आणि सरांनी दारातून एक नजर टाकायची — खिसा भरला, पोर हजर. खिसा रिकामा, पोर गैरहजर!

हेडमास्तर म्हणाले, "हुलवळे, हे चालेल का?"

सर म्हणाले, "न चालायला काय झालं? ही आजची पोरं! एकवेळ दप्तर दुसऱ्याला देतील, डबा देतील, पण मोबाईल? छे! मोबाईल जिथं, पोरगं तिथं!"

विद्वान माणूस! डोकं चालवलं, फक्त डोळे वापरले नाहीत. पोरांनी किती दिवसांत तोड काढली म्हणता? आठवडाही लागला नाही! एकानं आज्याचा जुना बटणांचा मोबाईल आणून खिशात घातला. आज्या घरी शोधतोय, आणि आज्याचा मोबाईल दहावीत शिकतोय! दुसरा आपला मोबाईल मित्राकडं द्यायचा आणि स्वतः क्रिकेटला. नियम काय होता? पोरांचं लक्ष पुस्तकात राहावं. आणि झालं काय? मोबाईल शाळेत, पोरं माळावर! काय बोलायचं आता! डोक्याला हात लावायची वेळ!

पण मंडळी, इथपर्यंत हसण्यावारी गेलं. आता हसू नका.

हिवाळ्यात वर्गाची सहल निघाली. चांदेश्वराच्या डोंगरावर. वर देऊळ, चढायला पायऱ्या, खाली गाडीतळ. बाकी आजूबाजूला माणूस नाही, काणूस नाही. सरांनी तो पडदा बरोबर घेतला आणि ड्रायव्हरच्या पाठीमागं टांगला! सकाळी पायथ्याच्या पहिल्या पायरीवर सगळ्यांना उभं केलं आणि बजावलं, "फोटोसाठी मोबाईल घ्या. परत आलात की आपापल्या खिशात ठेवा. आणि एक ऐका — कुणी मागं राहिलं, तर इकडंतिकडं भटकायचं नाही. याच पायरीवर येऊन बसायचं."

सर दिवसभरात शहाणपणाचं एक वाक्य बोलले असतील तर ते हेच.

दर्शन झालं, डबे खाल्ले, उतरायला लागले. निम्म्यात आल्यावर निकिताच्या लक्षात आलं — पाण्याची बाटली देवळात राहिली! नवीकोरी, स्टीलची. "आई मला फाडून खाईल गं!" आणि पोरीला घाटात गाडी लागायची, आधीच तोंड उतरलेलं. मुक्ता म्हणाली, "तू जा खाली, बस खिडकीशी. मी पळत जाऊन आणते. हा माझा मोबाईल धर, पळताना पडेल. माझ्या खिशात ठेव."

ठेवला. निकितानं दोन्ही मोबाईल पडद्यावरच्या दोघींच्या खिशांत ठेवले, गोळी घेतली आणि डोळे मिटले. सर गाडीत चढले. पडद्याकडं बघितलं — खिसे सगळे भरलेले! सरांची छाती फुगली. "सोडा गाडी!"

आणि गाडी सुटली, हो! पोर डोंगरावर, आणि गाडी सुटली! मागच्या बाकावर भेंड्या चालल्यात. एकाला तरी वाटावं मागं वळून बघावं? नाही!

घाट उतरून गाडी सपाटीला लागली, तेव्हा पडद्यातला एक मोबाईल वाजला. सरांनी उचलला. मुक्ताची आई होती.

"सर का? पोचताय का हो कवाशिक? अंधारायला लागलंय, तिला न्यायला फाट्यावर येते मी."

"आलोच, ताई! अगदी मजेत आहे तुमची मुक्ता."

"जरा देता का तिच्याकडं?"

"देतो की!" आणि सरांनी, डोकं वर न करता, आवाज दिला — "ढोणे!"

आणि खिडकीपाशी पेंगणाऱ्या निकितानं, झोपेत, निव्वळ सवयीनं, नाकात म्हटलं —

"हजर, सर!"

अरे देवा!

सर म्हणाले, "बघा, आहे! ये गं, आई बोलतेय." कुणी येईना. "ढोणे!" कुणी उठेना. निकिता खाडकन जागी झाली. मागं बघते, बाजूला बघते, आणि तिनं असा हंबरडा फोडला — "सर, मुक्ता नाही! सर, ती बाटली आणायला गेली होती! सर, मी बोलले हो, मी!"

सरांच्या हातात मोबाईल तसाच चालू. आणि त्यात आई आहे! तिनं सगळं ऐकलंय! पंधरा वर्षांची पोर, दिवस मावळतीला, डोंगराला एकटी, आणि तिचा मोबाईल इथं मखमलीच्या खिशात. हाक मारणार कुणाला?

आई ओरडली नाही, मंडळी. रडली नाही. एवढंच म्हणाली, "सर, गाडी फिरवा. आणि हा फोन बंद करू नका."

गाडी फिरली. मघा भेंड्या लावणारी पोरं आता रामराम जपायला लागली! आणि हुलवळे सर ड्रायव्हरशेजारी उभे, एका हातानं दांडा धरलेला, दुसऱ्या हातात तो चालू मोबाईल.

पायथ्याशी पोचले तेव्हा समोरचं धड दिसत नव्हतं. सर खाली उतरले. आणि त्या माणसानं नाव घेताना वर्षभरात पहिल्यांदा मान वर केली. मान वर करून, डोंगराकडं बघून, बेंबीच्या देठापासून हाक मारली —

"मुक्ता बबन ढोणे!"

काही नाही.

"मुक्ता बबन ढोणे!"

आणि समोरच्या अंधारातून, पहिल्या पायरीवरून, रडून रडून बसलेला आवाज आला —

"हजर, सर..."

सरांनी मोबाईल त्या आवाजाच्या दिशेनं धरला. आणि मोबाईलमधून, इतका वेळ दाबून धरलेला, आईचा हुंदका फुटला. ती ओ तिनं ऐकली होती.

निकिता धावली, गळ्यात पडली. मुक्ताच्या हातात ती बाटली तशीच होती, पोटाशी धरलेली. पण पोर धीट हो! डोळे पुसले आणि सरांना विचारलं, "सर, मी नाही, हे कुणाच्या लक्षात आलं?"

चाळीस-पन्नास माणसांची गाडी. सर म्हणाले, "तुझ्या आईच्या, बाळ. आमच्यापैकी कुणाच्याच नाही."

दुसऱ्या दिवसापासून पडदा राहिला, मोबाईल खिशात राहिले, तो नियम चांगलाच आहे. पण हजेरी मात्र सर बाकांमधून फिरून घ्यायला लागले. नाव घ्यायचं, चेहऱ्याकडं बघायचं, मग पुढं जायचं. मुक्ताची एसटी चुकली की निकिता उभी राहून सांगायची, "सर, ती अजून आली नाही." सर तिला फोन करून विचारायचे, गाडी कुठवर आली. मैत्रीण होती ना ती? हीच मैत्री!

आता हुलवळे सरांना नावं ठेवून घरी जाल तुम्ही. जा! पण आधी माझं ऐका. परवा तुमचं लेकरू शाळेतून आलं, दप्तर टाकलं, म्हणालं, "बाबा, आज ना शाळेत —" आणि तुम्ही काचेवरची नजर न उचलता काय म्हणालात?

"हं."

हे "हं" काय आहे, सांगा ना! ही खोटी ओ नाही? तुमच्या जागी तुमचा घसा हजेरी लावतोय, आणि तुम्ही माळावर! लेकरू बिचारं बोलत राहतं. तुम्ही "हं", "हं" म्हणत राहता. आणि एक दिवस ते बोलायचं थांबतं. कधी थांबलं, ते तुमच्या लक्षात येतं का? अहो, तुमची गाडी सुटलेली असते! पोर डोंगरावर आणि तुम्ही म्हणताय, खिसे भरलेत, सगळं ठीक आहे!

पाटील, ठेवला का मोबाईल? उलटा ठेवलात? बरं केलंत. आज घरी गेल्यावर पोरगं हाक मारेल. नाही मारली, तर तुम्ही मारा. पुरं नाव घेऊन, तोंडाकडं बघून मारा.

आणि आता हरीचं नाव घ्यायचंय. अण्णा, घ्या मृदंग. टाळकऱ्यांनो, उचला टाळ. शेजारच्याच्या वाटचं कुणी ओरडू नका. जो आहे, त्यानंच ओ द्यायची. मी वाट बघतो —

बोला... विठ्ठल!