तिच्या ताटातली नान

—नाही हो दाजी, पार्सल नाही, नान घरीच केलीय. हे काय, तवा अजून तापलेला आहे. घ्या ना अजून एक. शेवभाजी पण घ्या, वरची तर्री घ्या. आई-आबा एरंडोलला गेलेत पत्रिका द्यायला, ताई टेलरकडे—त्या ब्लाऊजची बाही काही तिच्या मनासारखी बसेना—आणि तुम्ही नरडाण्याहून गाडी काढून न सांगता आलात, मग घरात मी एकटा, मला जे येतं तेच वाढणार. मला बोलता येत नाही ना, म्हणून मी वाढतो. हॉटेलात पण तसंच. मालक म्हणतो, समाधान, गिऱ्हाईकाशी दोन शब्द बोलत जा रे, काय चावणार आहे का ते. मी म्हणतो, मी आपला भटारखान्यातच बरा. नववीत शाळा सोडली तीही त्याच पायी—सर उभं करायचे अन् माझं थोबाड शिवल्यासारखं व्हायचं. राहू द्या ते. नान कशी झालीय सांगा. हॉटेलसारखी? खरंच? तुम्ही म्हणता म्हणजे असेल.

मैदा? नाही, मैदा नाही यात. तांदळाचं पीठ, थोडं ज्वारीचं, साबुदाणा भाजून दळलेला, दही, आणि—हसू नका—इसबगोल. हो, तेच, पोट साफ व्हायचं. त्याच्याशिवाय हे पीठ एकमेकाला धरतच नाही, लाटायला गेलं की चिरा पडून पार नकाशा होतो. मेडिकलवाला भिकन विचारतो, काय रे, तुमच्या घरात एवढा त्रास कोणाला आहे? मी काही बोलत नाही, म्हणून अख्ख्या गल्लीने आबांना मूळव्याध लावून टाकलीय. हसा हसा, आबापण हसतात. पण ही नान जमायला माझा सगळा पावसाळा गेला. आधी नुसती कौलं निघायची. समोसा तिच्याआधी जमला, मंचुरियन त्याच्याही आधी, पण त्याचा सोया सॉस गव्हाचा असतो हे मला फार उशिरा कळलं. हिंगात पण गहू असतो, माहितीये? कितीतरी डब्यांमधल्या हिंगात. म्हणजे भाजीत कुठे गव्हाचा दाणा दिसत नाही आणि गहू मात्र आत जाऊन बसलेला. म्हणून या शेवभाजीत हिंगच नाही, लसूण जास्त टाकलाय. तुम्हाला काही वेगळं लागलं? नाही? मग जमलं म्हणायचं. लग्नात तुम्हा दोघांचं ताट मीच लावणार आहे, तेव्हा तुमच्यासमोरचं अन् तिच्यासमोरचं दिसायला सारखं—

काही नाही. असंच. हौस हो.

जेवा ना तुम्ही. रजा मिळाली का कंपनीतून? मिळाली? बरं झालं. हे सगळं कोणासाठी शिकलो म्हणजे—माझ्यासाठी. शिकत असतो मी काहीबाही. पोरगा रिकामा बसला तर बिघडतो म्हणतात. घ्या, पाणी घ्या. धुळ्याचं हॉटेल? आठवतं ना. न आठवायला काय झालं. दोन्हीकडची माणसं होती, बोलणी ठरली होती, तुमच्या आईने पेढ्याचा पुडा आणला होता. हो, तुम्ही तुमची नान तोडून तिच्या ताटात टाकली, अन् ती लाजत लाजत खाल्ली तिने, माहितीये मला. मित्रांना पण सांगितलं तुम्ही? कंपनीत सगळ्यांना? दाजी, ते नका सांगत जाऊ. राग नाही हो, राग कशाचा, तुम्ही काय वाईट केलं. पण नका सांगू. मला ते ऐकवत नाही—का म्हणजे काय. तुम्हाला ऐकायचंच आहे? मग नीट बसा अन् ऐका. घास खाली ठेवला तरी चालेल.

त्या दिवशी टेबलावर दोन प्रकारच्या नान होत्या. मी तुमच्या पंगतीला बसलो नव्हतो, बघा. आबांनी सांगितलं, पोरगा लाजाळू आहे, बाहेर गाडीजवळ थांबलाय. मी बाहेर नव्हतो. मी आत होतो, भटारखान्यात. तिथला आचारी बन्सीलाल आधी आमच्या हॉटेलात होता—त्याचे पाय धरले अन् माझं पीठ डब्यात घालून आत घेऊन गेलो. तंदूरला लावता येत नाही, तंदूरच्या भिंतीला मैदा चिकटलेला असतो, म्हणून तवा राखेने घासला, त्याच्यावर भाजली, वरून बटर, कोथिंबीर, अन् उघड्या जाळावर धरून दोन-चार काळे डाग पाडले, तंदूरची वाटावी म्हणून. वेटरला म्हटलं, पिवळ्या ड्रेसवाली ताई आहे, तिच्यासमोर हीच प्लेट ठेव, दुसरीकडे ठेवलीस तर मी मेलो. त्याने ठेवली. कोणाला काही कळलं नाही. तुमच्या आईला नाही, तुम्हाला नाही. मी पडद्याच्या फटीतून बघत होतो. दाजी, खरं सांगतो, मला त्या वेळी पहिल्यांदा वाटलं की आपल्याला पण काहीतरी येतं. आणि तेवढ्यात तुम्ही तुमची नान तोडली, अन् म्हणालात, "माझी बघ, जास्त खरपूस आहे." मायेने म्हणालात. मला दिसलं ना, मायेनेच. तिने एकदा आईकडे बघितलं. आई तुमच्या आईशी बोलत होती—बोलत कसली, नुसती हसत होती, भीतीने माणूस हसतो तशी. मग ताईने खाल्ली. तुम्हाला ती गोड दिसली म्हणून तुम्ही दुसरा तुकडा दिला. तो पण खाल्ला तिने.

नंतर तुम्ही फोन करत होतात आणि आम्ही सांगत होतो की मामाकडे गेलीय, तिथे रेंज नाही. मामाचं गाव काय जंगलात आहे? पाच दिवस ती इथेच होती, त्या आतल्या खोलीत. पोट धरून गुडघ्यात डोकं घातलेलं, तोंडात फोड, भाताची पेज पण आत ठरेना. आई तिचे पाय चेपत रडायची, अन् रडता रडता मला दटावायची, "कोनले सांगू नको. लगीन होऊ दे, मंग बठ्ठं सांगसूत." सांगसूत. लग्नानंतर सांगणार. पोरगी तुमच्या ओसरीत उलट्या करायला लागल्यावर सांगणार.

तसं नका बघू. कसलं भयंकर काही नाही ते. सिलिॲक म्हणतात. लागत नाही, चिकटत नाही कोणाला. लहानपणापासून तिला काही अंगी लागायचं नाही, सगळे म्हणायचे, काडी आहे, नीट खात नाही. शेवटी डॉक्टरने पोटात नळी घालून बघितलं—आतडं आतून सोलवटलेलं. गहू, मैदा, रवा बंद, बाकी सगळं खा म्हणाला. एवढंच. आपण खानदेशातली माणसं, आपल्याला रोजची भाकरीच आहे ना. ज्वारी खा, बाजरी खा, कळण्याची भाकरी खा, भरीत खा, काय कमी आहे? डॉक्टरकडून आलो तेव्हा मी तर म्हटलं, सुटलो, किती सोपं आहे. सोपं नाही ते. भाकरी घरच्या माणसासमोर. पाहुणा आला की गहू. देव आला की गहू. मान द्यायचा तर मांडे, पंगत घालायची तर बट्टी, पोरगी बघायची तर हॉटेल अन् हॉटेलात नान. पाहुण्यांसमोर पोरीने भाकरी मागितली की लगेच, काय हो, काही आहे का तिला? जामनेरकडच्या एका स्थळाला आबांनी सरळ सांगितलं होतं. चांगली माणसं होती, चहा पिऊन गेली, जाताना ताईच्या डोक्यावरून हात फिरवला. अन् आठ दिवसांत सगळ्या भाऊबंदकीत झालं, नूतनला आतड्याचा रोग आहे, मूल होणार नाही. कोणी सांगितलं मूल होणार नाही? कोणीच नाही. असंच. तेव्हापासून आईने तोंडाला कुलूप लावलं अन् मला पीठ मळायला बसवलं.

अन् मला ते आवडायला लागलं, दाजी. हे मी कोणाला बोललो नाही. ताईला समोसा आवडायचा, जळगावला गेली की काचेतल्या कचोरीकडे बघत उभी राहायची—म्हटलं, घरी करू. करून दिलं. ती खायची अन् म्हणायची, सेम आहे रे, सेम. मला वाटायचं, मी तिला हॉटेल घरी आणून देतोय. मला काय माहीत, मी खोटं शिकतोय. जेवढी नान मऊ तेवढं ते खोटं पक्कं. माझा हात वाईट असता ना, तर हे लग्न जुळलंच नसतं. त्या दिवशीच टेबलावर उघडं पडलं असतं सगळं.

ताईला विचारलं मी. विचारणार नाही का? म्हटलं, फोनवर बोलता तुम्ही तासतासभर, सांगून टाक त्यांना. ती म्हणाली, "नको बोलू समाधान. मला तिथे जायचंय. मी थोडं थोडं खाईन, सवय होईल." सवय होईल म्हणे. तुम्ही आवडलात तिला. आवडला नसतात तर मी हे सांगितलं पण नसतं, खुशाल दिली असती आमच्या लोकांनी अन् खुशाल परत आली असती ती. पण तुम्ही आत्ता उंबऱ्यात चपला काढता काढता काय म्हणालात? आई आत्तापासून कानबाईच्या सणाची वाट बघतेय, यंदा देवीच्या रोटाच्या गव्हात नव्या सुनेच्या नावाची मूठ वाढणार. हसत म्हणालात. मी तुम्हाला पाणी दिलं अन् आत येऊन हे पीठ काढलं. रोटाचं काय असतं ते मी तुम्हाला काय सांगू. माणशी मूठ मोजायची, घरच्या माणसांनीच खायचं, भाऊबंदकीच्या बाहेर तुकडा जाता कामा नये, उरलं तर घरातच संपवायचं. जो रोट खातो तो घरचा. तिथे मी कुठला डबा घेऊन येऊ? श्रावणात तुमच्या चुलीपाशी कोण मला उभं करेल? अन् तांदळाचा रोट देवीला चालतो का, विचारा तुमच्या आईला. आमच्या घरात मागच्या साली आईनेच तिच्या तोंडात नखाएवढा घातला—"देवीनं शे, काय व्हत नही." देवीचं आहे म्हणे. झालं. कानबाईला निरोप द्यायच्या वेळी ती अंथरुणात होती, अन् बाया म्हणत होत्या, हिच्यावर देवीचा कोप आहे. ही आमची माणसं. ज्यांना सगळं माहीत आहे ती.

बोला ना काहीतरी. इतका वेळ मी बोलतोय, मला सवय नाही. तुम्ही म्हणा की आईला मी सांगेन. नाहीतर म्हणा, तिची मूठ ज्वारीची काढू, देवी काय आपल्याला खाणार आहे. एवढंच म्हणा, मी तुमच्या—

काय?

पोरांना होतं का. हे विचारताय तुम्ही. ती तुमच्या हातचा तुकडा खाऊन पाच दिवस लोळली, ते मी सांगितलं, आणि तुम्हाला पोरांचं पडलंय. होतं. कधीकधी होतं, सगळ्यांनाच नाही, डॉक्टरने सांगितलंय. झालं समाधान? नाही, नाही, चिडलो नाही मी. तुमचं बरोबर आहे, कोणीही विचारलं असतं. जामनेरवाल्यांनी पण तेच विचारलं होतं. फक्त ते चहा पिऊन झाल्यावर विचारत होते.

ठेवा ते ताट, मी उचलतो. मान देऊ नका आता उगीच. ऐका, एकच सांगतो. मोडायचं असेल तर मोडा, मी पाया पडणार नाही. पण तिच्या नावावर मोडू नका. घरी सांगा, पोरीचा भाऊ उद्धट निघाला. आई-बाप घरात नसताना वाटेल ते बोलला, हॉटेलातलं पोरगं, शाळा नाही, वळण नाही, अशा घरात सोयरीक नको. कोणी पण विश्वास ठेवेल, मला बघितलंय सगळ्यांनी. माझं काय, मला कोण बघायला येणार आहे. पण गव्हाचं नाव काढू नका. तुमच्या आईला पण नाही. तेवढं कराल? करा. तेवढं तरी करा.

गाडी आली वाटतं. तिचीच आहे. उठा, हेल्मेट घ्या, हात बाहेरच्या नळावर धुवा.

ताई, तू आत जा आधी. नाही, काही झालं नाही. ब्लाऊज नंतर दाखव. दाजींना उशीर होतोय.