जिथं वायर संपली तिथं बटण

...आणि वर मलाच म्हणतात, ताई, तू जरा समजून घे. मी समजून घेऊ? पन्नाशी उलटली माझी समजून घेण्यात, आता थोडं दुसऱ्यांनी घ्या की. धाकट्याला, म्हणजे माझ्या भावाला, तोंडावर सांगितलं, हे बघ, भिंतींना हवा तो रंग दे, फरशी उखड, खिडक्या बदल, पण त्या बोर्डाला हात लावायचा नाही.

आता तुमच्या मनात येणार, ही बाई डेपोत तिकिटांच्या खिडकीवर बसून बसून बिघडली, एका इलेक्ट्रिकच्या बोर्डासाठी भावाशी भांडते... थांबा. आधी ऐकून घ्या. आमचे बाबा वायरमन. साधेसुधे नाही, लोक लांबून बोलवायला यायचे, यांनी लावलेलं बटण वीस वर्षं कुरकुरायचं नाही. आणि घरी? दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच घरी राहायला होता. गिऱ्हाइकांकडं उरलेले वायरचे तुकडे बाबा खिशातून आणायचे आणि त्यांतून आमचं घर उजळायचे. आता तुकडा तो तुकडा. मीटरपासून दिव्यापर्यंत कसाबसा पोचायचा, पण तिथून बटणासाठी भिंतीवरून खाली आणायचा म्हटलं की संपायचा. मग काय, सगळी बटणं मीटरशेजारी, बाहेरच्या खोलीत, एका लाकडी बोर्डावर. अकरा बटणं. आणि बोर्डाखाली बाबांची खाट.

लक्षात येतंय का तुमच्या? स्वयंपाकघरातला दिवा, बटण खाटेवर. न्हाणीघरातला दिवा, बटण खाटेवर. सगळ्या घराचा उजेड त्या माणसाच्या डाव्या हाताशी. आई स्वयंपाकघरात शिरताना हाक मारणार, "अहो, लाइट." बाबा पेपरातून डोकं न काढता टक् करणार. न बघता, बरं का. अकरातलं नेमकं तेच.

आणि आम्ही पोरं न्हाणीघरात गेलो की... तुम्हाला सांगते, अंधारात उभं राहून ओरडायचं, "बाबा, लाइट." बाहेरून आवाज, "आधी सतराचा पाढा." अहो, साबण कुठं, तांब्या कुठं काही दिसत नाही आणि म्हणा, सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. धाकटा तर एकदा पाढा येईना म्हणून तीन दिवस आंघोळीला गेला नव्हता. आज तोच म्हणतो घराची वायरिंग धोकादायक आहे. धोका वायरिंगला नव्हता रे, पाढ्याला होता.

पण एक सांगते. दहावीला मी नापास झाले, तेव्हा आई जे तोंड सोडून बसली होती, विचारू नका. मी न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली. अंधारात बसले, बादली उपडी घालून. तास झाला, दोन झाले. लाइट मागायची हिंमत नाही, मागितली तर कळणार ना मी रडतेय. आणि मग दिवा आपोआप लागला. विझला. परत लागला, आणि लागलेलाच राहिला. ना पाढा, ना प्रश्न. मला कळलं, आई शांत झालीय, ये बाहेर. माझ्या बापानं मला आयुष्यात कधी जवळ घेतलं नाही हो, तशी पद्धतच नव्हती त्यांची. पण त्या दिवशी घेतलं असं मला वाटलं, आणि आजही वाटतं. म्हणून म्हणते, बोर्डाला हात लावायचा नाही.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. बोर्डाखालची खाट आता माझी. आणि गेल्या महिन्यात... आता यात माझी चूक आहे, मी नाकारत नाही, पण किती? चमचाभर. भावजयीचे वडील आले होते. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस, चालणंसुद्धा इस्त्री केलेलं. ते न्हाणीघरात गेले, मला माहीत नाही, मी पेपर वाचतेय, न्हाणीघराचं बटण चालू दिसलं, सवयीनं टक् करून बंद केलं. आतून आवाज आला, "अहो, लाइट." आणि माझ्या तोंडातून, देवाशपथ सांगते, विचार न करता निघून गेलं, "आधी सतराचा पाढा."

आणि विश्वास ठेवा, त्यांनी सुरू केलं. गंभीर आवाजात. सतरा सातेपाशी अडले. मी तरी काय करणार, सवयीनं म्हटलं, "पुन्हा पहिल्यापासून."

झालं. भावजय दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "माझं काही म्हणणं नाही, ताई, पण आमच्याकडं बटण दाराशी असतं." हिचं म्हणे काही म्हणणं नाही. आणि धाकटा लगेच, "बघ, आता लोकांसमोर शोभा होतेय." मी म्हटलं, शोभा त्यांची झाली, हेडमास्तरला पाढा येत नाही. बोर्डाला हात लावायचा नाही.

तरी रविवारी वायरमन दारात. चांगला जाडजूड, मिशीवाला, खांद्यावर वायरची गुंडाळी. बोर्डाकडं बघून म्हणतो, "हे कुणी केलंय?" मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा शहाण्या माणसानं." आणि दोन्ही हात पसरून बोर्डासमोर उभी राहिले. भाऊ म्हणतो, ताई, पोरकटपणा करू नको. भावजय म्हणते, मी कुठं काय म्हणतेय. मी म्हटलं, मला उचलून बाजूला करा, हिंमत असेल तर. कुणाची झाली नाही. मी काय हलकी आहे का?

तेवढ्यात आई आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, भिंत धरून. मला वाटलं, आली, माझी बाजू घ्यायला आली. नवऱ्याची आठवण आहे, ती नाही लढणार तर कोण? म्हणाली, "बाजूला हो. त्याला मी बोलावलंय."

मी म्हटलं, आई, तू?

"तू पहिल्या पाळीला निघून जातेस," म्हणाली. "मी उठते, स्वयंपाकघरात जाते आणि म्हणते, अहो, लाइट. अजून. रोज. आणि अंधारात उभी राहते, आता लागेल म्हणून. मग आठवतं. सहा वर्षं झाली, रोज नव्यानं आठवतं. मला आत पाय टाकल्या टाकल्या हाताशी बटण पाहिजे. वाट बघायला वेळच मिळायला नको."

सगळ्या घराशी भांडेन मी, डेपोच्या मॅनेजरशी भांडते, पण याच्याशी? हात खाली घेतले. एवढंच नाही, स्टूल मीच आणून ठेवलं आणि धरून उभी राहिले, कारण आमच्या घरात दुसऱ्याला नीट धरता येत नाही. वायरमन वर चढला, पहिला स्क्रू फिरवला आणि म्हणाला, "ताई, स्टूल हलतंय हो."

म्हटलं, "स्टूल चांगलं आहे. धरणारी हलतेय. तुम्ही करा तुमचं काम."