घरी केलेला केक

सासू : हे काय वाढलंयस पोरीला? नुसता भात आणि उकडलेला बटाटा? आठ दिवसांनी नात बघायला आले, तर ताट बघ कसलं! चित्र काढायच्या निमित्तानं अर्धं टाकून आत पळाली ती.

सून : तेवढंच चालतं तिला सध्या, आई.

सासू : सध्या म्हणजे? ह्यांच्या वाढदिवसाला तोंड सुजलं, दवाखान्यात नेलंत, हसत घरी आली. फोनवर मी स्वतः हसताना ऐकलं तिला.

सून : हसत आली, पण कशानं झालं ते कुठे कळलंय? शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे हे आपल्याला माहीत आहे. पण त्या दिवशी शेंगदाणा तिच्या पोटात गेलाच नाही. म्हणजे आणखी कशाची तरी असणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तपासण्या होईपर्यंत दूध बंद, अंडं बंद, गहू बंद. तुमच्या केकमध्ये जे जे होतं ते सगळं बंद.

सासू : दूध बंद? वाढत्या पोरीचं? त्या डॉक्टरीणबाईंना स्वतःची पोरंबाळं आहेत का?

सून : आहेत.

सासू : मग त्यांना वाढा म्हणावं बटाटा.

सून : हळू बोला, ऐकेल ती. कुरकुर करत नाही हो, तेच मला खातं. काल मी दूध तापवत होते, तर ओट्याशी येऊन उभी राहिली. म्हटलं, काय गं? तर म्हणाली, काही नाही, वास घेतेय.

सासू : ते ताट झाकून ठेव तिचं.

सून : आई, पुन्हा एकदा विचारते, रागावू नका. काय काय घातलं होतं केकमध्ये?

सासू : झालं तुझं सुरू! मैदा, अंडी, लोणी, साखर, दूध. लग्न होऊन आले तेव्हापासून तेच घालतेय. माझा केक खाऊन आजवर कुणाला साधी शिंक आली नाही.

सून : आणि भांडं? कूट केलेला मिक्सर वगैरे?

सासू : असं कर, पोलीस पाठव माझ्या स्वयंपाकघरात. पंचनामाच होऊन जाऊ दे.

सून : तुमच्यावर संशय नाही घेत मी. उलट तुमचा शब्द होता म्हणूनच तर मी... जाऊ दे.

सासू : जाऊ दे काय? अर्धं बोलून गिळू नकोस.

सून : तुम्ही म्हणालात, सगळं माझ्या हातचं, दाणा औषधालाही नाही. वर म्हणालात, आईचं लक्ष नसलं की असंच व्हायचं.

सासू : मग? म्हणाले.

सून : ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. वाटलं, हिनंच कुणाकडून तरी काहीतरी घेऊन खाल्लं असणार. विचारलं, तर नाही म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मग मी मारलं तिला, आई. तेव्हा रडत रडत म्हणाली, काकाच्या खिशातलं चॉकलेट खाल्लं.

सासू : खाल्लं होतं?

सून : कसलं! भावजींना फोन केला, तर ते म्हणाले, वहिनी, माझ्या खिशात चष्म्याचं घर आणि सर्दीचा रुमाल होता. मार चुकवायला काहीतरी सांगून मोकळी झाली. आता शेजारीणबाईंनाही सांगून बसलेय मी, आमची भिंगरी खोटं बोलायला लागलीय म्हणून.

सासू : गॅस बंद कर.

सून : चहा टाकलाय तुमचा.

सासू : नकोय मला तो. बंद कर आणि बस इथं.

सून : काय होतंय? छातीत दुखतंय का?

सासू : छातीला काय धाड भरलीय माझ्या! बस म्हटलं ना... माझा केक बसला होता.

सून : म्हणजे?

सासू : त्या दिवशी. मधोमध एवढा खड्डा. पुन्हा केला, तोही बसला. खांदा भरून येतो आता फेटताना, कुणाला सांगते थोडीच. माणसं यायची वेळ झाली होती. बेकरीतनं आणला.

सून : बेकरीतून? तुम्ही?

सासू : मी. हस तू. तू विकतचा केक आणला होतास तेव्हा चार बायकांत मी तुला काय काय बोलले, ते सगळं आठव आणि पोटभर हस.

सून : मला हसू येत नाहीये. काय होतं त्या केकमध्ये?

सासू : आतलं मला माहीत नाही. वर भुरभुरलेले होते.

सून : काय?

सासू : दाणे. भाजून कुटलेले.

सून : शेंगदाणे?

सासू : काढले मी! चष्मा लावून वेचले. सुरीनं वरचा थर खरवडला, घरची साय फेटून लावली, बेकरीचा वाटू नये म्हणून. म्हटलं, दाणे गेले म्हणजे गेले.

सून : जात नाहीत, आई. कण राहतो, तेल राहतं. नखाएवढंही तिला बास होतं. कितीदा सांगितलं मी तुम्हाला.

सासू : सांगितलंस. प्रत्येक वेळी सांगितलंस. आणि तू वळलीस की मी म्हणायचे, सुनेची थेरं.

सून : तिचे ओठ सुजले तेव्हा तरी...

सासू : तेव्हाच कळलं. तू ते अ‍ॅलर्जीचं पेनासारखं इंजेक्शन फ्रॉकवरूनच मांडीत खुपसलंस ना, तेव्हा मी पाणी आणते म्हणून आत गेले. पाणी नाही आणलं. उरलेला केक पिशवीत कोंबला आणि कचऱ्यात नेऊन टाकला.

सून : दवाखान्यातून मी फोन केला होता. डॉक्टरीणबाई शेजारी उभ्या होत्या. तेव्हाही तुम्ही मैदा, अंडी, लोणीच सांगितलंत.

सासू : घर भरलेलं होतं. जाऊबाई समोर बसलेल्या. तोंडच उघडेना. मग पोर बरी झाली. म्हटलं, आता बोलून काय उपयोग. तिचं दूध तोडलंय हे मला माहीत नव्हतं. तिला मार बसला हे माहीत नव्हतं.

(सून पोरीचं ताट उचलून ओट्यावर ठेवते.)

सासू : बोल ना. काय वाटेल ते बोल. आज उलट उत्तर नाही द्यायची मी.

सून : बोलायचं नाहीये. डॉक्टरीणबाईंना फोन लावते, तुम्ही सांगा. दूध सुरू करायचं की नाही ते त्या ठरवतील.

सासू : सांगते. विकतचा होता, तेही सांगते.

सून : त्याचं त्यांना काही नाही, आई. मलाही नाही. कुणालाच कधी नव्हतं.

सासू : मलाच होतं गं.

(सून फोन शोधू लागते. सासू आतल्या खोलीच्या दारापाशी जाते.)

सासू : भिंगरे, इकडे ये बाळा.

नात : मी काही खाल्लं नाही, आजी.

सासू : माहीत आहे मला. काकाच्या खिशात चॉकलेट नव्हतंच.

नात : होतं म्हणू की नव्हतं म्हणू?

सासू : नव्हतं म्हण. दाणे माझ्या केकवर होते. मी वेचले, पण राहिले. आणि मी ते कुणालाच सांगितलं नाही. मी खोटं बोलले.

नात : मग तुला पण मार पडला?

सासू : नाही.

नात : का?

सासू : म्हाताऱ्या माणसांना कुणी मारत नाही.

नात : म्हणजे मी आधी नाही नाही म्हणत होते, ते खरं होतं?

सासू : खरं होतं.

नात : आईला सांग.

सासू : आई ऐकतेय की. ही काय, तुझ्यामागेच उभी आहे.

नात : तरी सांग. मोठ्यानं.