बाबांचा पहिला नंबर

दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे बहीणभाऊ रांगेत उभे होते. भावाच्या हातात जुन्या व्हिडिओ गेमची कॅसेट होती.

"ताई, हिच्यासाठी वीस दुकानं पालथी घातली. आपण विकलेली तीच आहे, कोपऱ्यावर तुझे दात उमटलेत."

"मग तोंड का पाडलंयस?"

"आतली बॅटरी जुनी झाली होती. शहाणपणा करून मीच बदलली, तर सगळे स्कोअर पुसले गेले. बाबांचा पहिला नंबरसुद्धा."

"एवढंच?"

"एवढंच काय! बाबा गेले, आता तो स्कोअर कोण करणार?"

"मी. तेव्हाही मीच केला होता. बाबांना गेममध्ये साधी उडी मारता यायची नाही."

"पण नाव तर त्यांचं होतं!"

"नाव मीच टाकलं होतं. सोड रांग, घरी चल. पुन्हा टाकते."